बागेत मावतील तेवढी

नरहर विठ्ठल परांडेकर यांना जनावरांची आवड मुळीच नव्हती. काचीगुड्याच्या त्यांच्या घरात कधी मांजरसुद्धा पाळलं गेलं नाही. वडील निजामी अमलात मालखात्यात अहलकार, म्हणजे कारकून होते. नरहररावही उर्दूतून मॅट्रिक झाले, वकिलीच्या परीक्षेत दोनदा आपटले आणि 'जंगलात' खात्यात, म्हणजे वनखात्यात, अहलकार म्हणून चिकटले. खात्याचं नाव जंगलात असलं तरी नोकरीची पहिली पंधरा वर्षं त्यांनी जंगल पाहिलं ते लाकडाच्या लिलावाच्या कागदांवरच.

जहागिरी खालसा झाल्या आणि त्या भानगडीत शहराबाहेर, गंडीपेठेच्या रस्त्यावरची एक शिकारबाग खात्याच्या गळ्यात पडली. सव्वाशे एकर जागा, भोवती दीड पुरुष उंचीची दगडी भिंत, मध्ये एक तळं, आणि आत चितळं. दर महिन्याला ती मोजून अहवाल द्यायचा होता. कचेरीत स्वतःची सायकल असलेले तीन अहलकार होते. त्यांतल्या दोघांची साहेबांशी ओळख होती. राहिले नरहरराव.

पहिल्यांदा ते गेले तेव्हा फाटकावर शेख मदार उभा होता. जहागीरदारांच्या वेळेपासूनचा राखणदार, साठीचा, पाठीत वाकलेला. मोजणीची त्याची रीत साधी होती. पहाटे तळ्याच्या वाटेवर बसायचं आणि एक चितळ पुढून गेलं की एक खडा खिशात टाकायचा. त्या दिवशी खडे भरले एक्केचाळीस. नरहररावांनी तो आकडा लिहून घेतला, धोतराला चिकटलेली कुसळं काढली आणि आठच्या आत कचेरीत येऊन बसले.

हे १९५० साल. पुढच्या वर्षी चितळं पंचावन्न झाली, त्याच्या पुढच्या वर्षी सत्तर. त्रेपन्न साली अठ्ठ्याऐंशी. आकडे लिहिता लिहिता नरहररावांच्या लक्षात आलं की बागेचा रंग बदलतोय. पहिल्या वर्षी कुडाच्या नि करवंदीच्या जाळ्यांतून सायकल ढकलत न्यावी लागायची. आता फाटकापासून थेट तळं दिसत होतं. आणि प्रत्येक झाडाचा पाला जमिनीपासून एकाच उंचीवर, कात्री फिरवल्यासारखा कापलेला होता.

"हे कोण छाटतं?" त्यांनी मदारला विचारलं.

मदारनं हसून एका मादीकडे बोट दाखवलं. ती मागच्या दोन पायांवर उभी राहून, मान ताणून कडुनिंबाची डहाळी ओढत होती. "हिरनां छाटते, मुन्शीजी. जितना पहुंचते उतना खा लेते. उसके ऊपर झाड का, नीचे कुच नक्को बोले तो नक्को."

"पूर्वी नव्हतं असं?"

"पहले हर साल बीस-पच्चीस बंदूक से जाते थे. सरकार आते, मेहमान आते, शिकार होती. अब शिकार बंद. मरता कोन? सब इधरीच."

नरहररावांनी त्या महिन्याच्या अहवालात आकड्याखाली चार ओळी जास्तीच्या लिहिल्या. बागेत गवत आणि पाला जेवढा उगवतो तेवढ्यावर चाळीस-पन्नास चितळं पोसतात. पूर्वी जास्तीची शिकारीत जात, म्हणून तोल राहत होता. आता तो राहिलेला नाही. वाढीव जनावरं दुसऱ्या जंगलात हलवावीत.

अहवाल परत आला. वर शेरा होता, की कचेरीचं काम आता इंग्रजीत चालतं, तरी उर्दूतला मजकूर इंग्रजीत करून पाठवावा. नरहररावांनी रात्रीचं जेवण बाजूला सारून शब्दकोश काढला. इंग्रजी अहवालावरही शेरा आला: "संख्येतली वाढ समाधानकारक." बाकी काही नाही.

"समाधान कुणाला?" ते कमलबाईंना, म्हणजे बायकोला, विचारत. "चितळांना नाही. मला नाही. गवताला तर नाहीच."

कमलबाई भाजी निवडता निवडता म्हणत, "अहो, तुम्ही मोजायला जाता ना? मोजून या की."

पण मोजून येणं त्यांना जमेना. पुढच्या साहेबांना त्यांनी समजावलं, त्यांच्याही पुढच्या साहेबांना समजावलं. त्या वर्षांत साहेब टिकतच नव्हते. एक साहेब बोलले, "आकडा कमी झाला तर विधानसभेत प्रश्न विचारतील. वाढला तर कोणी विचारत नाही." हे त्यांनी मदारला सांगितलं तेव्हा म्हातारा मान हलवत म्हणाला, "तो फिर घास कू भी हुकूम भेजो ना मुन्शीजी, जास्ती उगो बोलके."

त्यातच सावित्रीबाई उगवल्या. सुलतानबाजारातल्या एका निवृत्त न्यायाधीशांच्या त्या पत्नी. नाकीडोळी नीटस, बोलणं ठाम, आणि प्राणिदया मंडळाच्या अध्यक्षा. एका रविवारी नातेवाइकांना घेऊन बाग बघायला आल्या आणि चितळांच्या निघालेल्या बरगड्या पाहून त्यांना रडू आलं. पुढच्याच रविवारपासून अफझलगंजातल्या धान्यवाल्यांकडून कडबा, चुनी आणि हरभऱ्याची टरफलं भरून दोन बैलगाड्या बागेत येऊ लागल्या.

नरहररावांनी त्यांना फाटकावर गाठलं. "बाई, खायला घालणं चांगलंच आहे. पण उन्हाळ्यात खायला मिळालं की पाडसं जगतात. ती पुढच्या वर्षी खायला मागतात. त्यांची पाडसं त्याच्या पुढच्या वर्षी. गाड्या किती वाढवणार?"

"मग उपाशी मारायची म्हणता?"

"मी हलवायची म्हणतो. वर्षभर तेच म्हणतोय."

"नरहरराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही कागदावर बघता. मी त्यांच्या डोळ्यांत बघते." आणि गाडीवानाला पुढे हो म्हणाल्या.

यावर काय बोलायचं, हे नरहररावांना घरी पोचेपर्यंत सुचलं नाही. घरी पोचल्यावर बरंच सुचलं, पण ते कमलबाईंनाच ऐकावं लागलं.

पंचावन्न साली खडे भरले एकशे सदतीस. दोन गाड्यांच्या चार झाल्या होत्या. त्या वर्षीचा पाऊस भादव्यातच संपला. माघात तळ्याला चिखल उरला. छप्पन्नच्या चैत्रात गाड्या येत, पण शिंगांचे मोठे नर चाऱ्याभोवती उभे राहत, माद्यांना ढुशा देऊन हाकलत, आणि पाडसं लांबूनच बघत. एकाच चिखलात सगळ्यांचं पाणी, सगळ्यांचं शेण. वैशाखात हगवणीची साथ आली. पशुवैद्य डॉक्टरांनी एक मेलेलं जनावर चिरून दाखवलं. आतडी जंतांनी भरली होती आणि पोटात चिंध्या होत्या, झाडाची साल होती, कुण्या पाहुण्याचा हातरुमालसुद्धा होता.

"औषध?" नरहररावांनी विचारलं.

"औषध कुणाकुणाला पाजू? मोकळ्या जागेत असती तर रोग असा एकाचा दुसऱ्याला लागला नसता. इथं दाटीच आजार आहे," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला पाणी मागितलं. विहिरीचं पाणीही तळाला गेलं होतं.

दर दोन दिवसांनी नरहरराव कचेरीआधी बागेत जात. आता खडे मेलेल्यांचे मोजायचे होते. त्यांना स्वतःचाच राग येई. जनावरांचं आपल्याला काही नाही, असं ते आयुष्यभर म्हणत आले होते. आणि आता घास तोंडाशी नेला की भिंतीला टेकून बसलेलं एखादं पाडस डोळ्यांपुढे येई. कमलबाईंनी दोन वेळा ताट तसंच उचललं आणि तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "त्या बाईंना एकदा आत नेऊन दाखवा. त्या फाटकापर्यंतच येतात ना?"

नरहरराव सुलतानबाजारात गेले. सावित्रीबाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. एकट्या.

नरहररावांनी त्यांना चाऱ्याच्या जागेवरून पलीकडे, भिंतीच्या कडेनं नेलं. उन्हात माती भाजल्यासारखी उघडी पडली होती. "बाई, एक करा. गुडघ्याएवढं एखादं रोपटं मला दाखवा. कसलंही. बोरीचं, बाभळीचं, रुईचंसुद्धा चालेल."

सावित्रीबाई पाऊण तास चालल्या. पदरानं कपाळ पुसत, वाकून बघत. रुईची एक काडी सापडली, तीही खुडलेली. कडुनिंबाच्या खोडांची साल कमरेएवढ्या उंचीपर्यंत सोललेली होती. एका खोडाशी मादी मेली होती आणि मदार तिच्यावर पाला टाकायला पाला शोधत होता.

त्या एका दगडावर बसल्या. मग म्हणाल्या, "मग माझ्या गाड्यांनी काय केलं?"

नरहररावांना खोटं बोलता आलं असतं. उन्हानं डोकं तापलं होतं, तीन वर्षांचा वैताग साठला होता, आणि समोरच्या बाईंचा चेहरा बघून तो सगळा कुठं टाकावा हे कळत नव्हतं. "गेल्या दोन उन्हाळ्यांत मरायची ती चाळीसेक पाडसं जगली," ते हळू म्हणाले. "ती आणि त्यांच्या वाट्याचं ज्यांना मिळालं नाही ती, यंदा मरताहेत."

सावित्रीबाईंनी मान डोलावली. रडल्या नाहीत. "अर्ज कुणाच्या नावे लिहायचा?" एवढंच त्यांनी विचारलं.

मृगाची सर आली तोवर त्रेपन्न गेली होती. चौऱ्याऐंशी उरली. आणि इथं नरहररावांच्या नशिबानं पुन्हा कोलांटी मारली. सावित्रीबाईंच्या अर्जावर साहेबांचा शेरा आला, की संख्या आता आपोआप कमी झाली असल्यानं प्रश्न मिटला आहे.

नरहरराव कागद घेऊन सरळ आत गेले. एकवीस वर्षांच्या नोकरीत न बोलावता साहेबांच्या खोलीत ते पहिल्यांदाच गेले असतील. "साहेब, सहा वर्षांपूर्वी ती बाग पन्नास पोसत होती, कारण जाळ्या होत्या, रोपं होती. आता तीसुद्धा नाहीत. आज ती तीस पोसेल की नाही, शंका आहे. चौऱ्याऐंशी ठेवली तर उरलेली मुळंही खातील. परत वाढतील, परत मरतील, आणि दर वेळी आधीपेक्षा कमी उरतील."

"तुम्ही लिहून द्या," साहेब म्हणाले.

"सात वेळा दिलंय."

"मग ती मिसल काढा."

मिसल म्हणजे फाइल. ती सापडेना. राज्याची वाटणी होणार होती आणि कचेरीत फायलींच्या उतरंडी लागल्या होत्या. मराठवाड्याचे कागद लाल फडक्यात, कर्नाटकाचे पिवळ्या, तेलंगणाचे पांढऱ्या. नरहररावांनी तीन दिवस पांढरी गाठोडी सोडली नि बांधली. फाइल नव्हती. चौथ्या दिवशी वाटणी करणाऱ्या अहलकारानं सांगितलं, "ती? 'परांडेकर यांचे अहवाल' लिहिलेली? ती परांडा तालुक्याची म्हणून लाल गाठोड्यात घातली. गाठोडं परवाच औरंगाबादला गेलं."

नरहरराव खुर्चीवर बसले. खुर्ची दुसऱ्याच कुणाची होती. "अहो, परांडेकर हे माझं नाव आहे," ते म्हणाले.

"ते खरं. पण फायलीला काय माहीत?"

त्यांनी घरच्या कच्च्या प्रतींवरून सातही अहवाल पुन्हा लिहून काढले. कमलबाई वाचून दाखवत, ते लिहीत. उर्दूतला पहिला कमलबाईंना वाचता येत नव्हता, तेवढा ते स्वतःच पुटपुटत. याच आठवड्यात त्यांच्यापुढे दुसराही एक कागद होता: मुंबई राज्यात जाता की आंध्रात राहता. धाकटा भाऊ औरंगाबादला निघाला होता. आळीतली निम्मी घरं सामान बांधत होती. "राहू या," एका रात्री कमलबाई म्हणाल्या, "तुमची हरणं मार्गी लागल्याशिवाय तुम्हाला तिथं झोप लागायची नाही, आणि मलाही लागू देणार नाही." ते त्या कागदाचं खरं कारण होतं की नाही, हे पुढं दोघांनाही सांगता आलं नसतं. पण त्यांनी 'राहतो' असं लिहून दिलं.

साहेब एकनाथराव होते, बीडकडचे. एकतीस ऑक्टोबरपर्यंत अधिकार त्यांच्याकडे होता. मग त्यांनाही जायचं होतं. तीस तारखेला दुपारी नरहरराव त्यांच्या आबिड्सजवळच्या घरी गेले. हातात आदेशाचा मसुदा, टंकलेखन करून तयार. फेब्रुवारीत बागेतली निम्मी चितळं पकडून नरसापूरच्या जंगलात सोडावीत. एकनाथराव वळकटीवर बसून पेटीला दोर आवळत होते.

"परांडेकर, आज हे काय?"

"आज नाही तर परत पहिल्यापासून, साहेब. नवे साहेब येतील, त्यांना तेलुगूत समजावायला मला दोन वर्षं तेलुगू शिकावं लागेल. तोवर बाग उरणार नाही."

"पण पकडताना मेली तर? मला जाब विचारतील."

"तुम्ही औरंगाबादेत असाल."

एकनाथरावांनी दोर सोडला. नरहररावांकडे जरा वेळ बघितलं. हा माणूस अशी गोष्ट बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. नरहररावांनाही वाटलं नव्हतं. "शिक्का पेटीत गेलाय," एकनाथराव म्हणाले.

"मी पेटी उघडतो."

पेटीत वरच्या थरात घोंगडी, मग तांब्याची भांडी, मग साहेबांच्या पत्नीच्या साड्या. बाई माजघरातून बघत होत्या. शिक्का अगदी तळाशी, मोज्यात गुंडाळलेला होता. एकनाथरावांनी सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "आता सगळं होतं तसं भरून द्या." नरहररावांनी घड्या जमवून पेटी भरून दिली. दुसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या फलाटावर मनमाडच्या गाडीत बसलेल्या एकनाथरावांना नमस्कार करताना आदेशाची नक्कल नरहररावांच्या आतल्या खिशात होती.

नव्या कचेरीत तो आदेश रद्द कुणी करायचा हे ठरलं नव्हतं, म्हणून तो टिकला. फेब्रुवारीत सावित्रीबाईंच्या मंडळानं या वेळी चाऱ्याऐवजी बांबूच्या तट्ट्या पाठवल्या. मदारनं तट्ट्यांची एक गल्ली उभारली, तोंडाशी रुंद, शेवटी ट्रकच्या फळीएवढी अरुंद. आत हिरवा लसूणघास पसरला. "जाळां नक्को, दौड़ाना नक्को," तो सगळ्यांना बजावत होता. "डर गए तो वैसेच मर जाते." चार दिवस त्यानं चितळांना नुसतं खाऊन जाऊ दिलं. पाचव्या दिवशी उजाडताना मागची तट्टी हळूच ओढली.

आठ दिवस हे चाललं. सहा खेपा झाल्या. बेचाळीस चितळं गेली. चार वाटेत मेली, आणि त्या प्रत्येकाची नरहररावांनी वेगळी नोंद केली. शेवटच्या खेपेला सावित्रीबाई त्यांच्याबरोबर नरसापूरपर्यंत गेल्या. फळी उतरवल्यावर एक मादी दोन पावलं चालली, थांबली, आणि समोरच्या झुडपात शिरून दिसेनाशी झाली.

"इथं बिबटे असतील ना?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"आहेत म्हणतात."

"मग काही मरतील."

"मरतील," नरहरराव म्हणाले. "पण बाई, हे झुडूप बघा, जमिनीपर्यंत पाला आहे."

परत येताना शहर जवळ आलं तेव्हा सावित्रीबाईंनी डब्यातला एक लाडू काढून नरहररावांच्या हातावर ठेवला.

एप्रिलमध्ये नव्या साहेबांचा मेमो आला. एका वर्षात हरणांची संख्या एकशे सदतीसवरून बेचाळीसवर कशी आली, याचा संबंधित अहलकारानं आठ दिवसांत खुलासा करावा. नरहररावांनी खुलासा केला. सोबत सात अहवालांच्या नकला, डॉक्टरांचा दाखला, एकनाथरावांचा आदेश. खुलासा "दाखल" झाला आणि ताकीद म्हणून त्यांची वर्षाची पगारवाढ रोखली गेली. कमलबाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं पगारवाढच रोखली, मोजायचं काम काढून घेतलं असतं तर तुम्ही आजारी पडला असता."

त्या वर्षी पाऊसही बरा झाला. भिंतीच्या कडेला बोरी फुटल्या, मग करवंदी, मग घोट्यापर्यंत गवत. नरहरराव सायकल फाटकावर ठेवून आत चालत जात आणि उगाच वाकून रोपं बघत. मदार आता मोजायला दगडावर बसून राही, कारण चितळं जाळ्यांत लपू लागली होती आणि खडे खिशात लवकर पडत नव्हते. पाडसं थोडीच झाली, पण पायांवर घट्ट होती.

दर फेब्रुवारीत पंधरा-वीस हलवायची, हा पुढं पायंडाच पडला. एकोणसाठ सालच्या खात्याच्या वार्षिक अहवालात त्याला "खात्याच्या दूरदृष्टीचं फळ" म्हटलं होतं. तो मजकूर तपासायला नरहररावांकडेच आला. त्यांनी दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि कागद पुढं पाठवला.

त्याच पावसाळ्यात एका नागरिकाची तक्रार फिरत फिरत त्यांच्या टेबलावर आली. रविवारी कुटुंबासह बागेत गेलो असता झाडोऱ्यामुळे हरणं दिसत नाहीत, सबब झुडपं तोडावीत. समासात साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: "तोडता येतील काय? अभिप्राय."

नरहररावांनी "नाही" एवढंच लिहून कागद परत पाठवला. संध्याकाळी तो परत आला. खाली दुसरा शेरा: "सविस्तर."

त्यांनी कागद घरी आणला. हातपाय धुतले, चष्मा पुसला. कमलबाईंनी चहा ठेवला आणि न विचारताच कपाटातून जुन्या अहवालांचं बाड काढून समोर आणून टाकलं.

"कुठून सुरू करू?" नरहररावांनी विचारलं.

"पन्नास सालापासून करा," त्या म्हणाल्या. "नवीन साहेब आहेत. त्यांना काहीच माहीत नाही."

नरहररावांनी कपाळाला हात लावला, दौत जवळ ओढली, आणि लिहायला बसले.